मंगम्माच्या अंगणातली हाक

वांकिडीकडच्या लोकांच्या लेखी बेज्जूर म्हणजे परदेशच. जिल्हा एक, कलेक्टर एक, निवडणुकीला बोटाला शाई लावणारा माणूसही एकाच सरकारचा. पण वांकिडीहून निघा, आसिफाबादला बस बदला, कागजनगरला पुन्हा बदला आणि सागवानाच्या रानातून धूळ खात पुढं जा, की कानावर पडणारं मराठी पातळ होत जातं आणि बेज्जूर येईपर्यंत संपतं. तिथून पुढं, प्राणहितेच्या अंगाला, एक वस्ती होती. वस्तीत मुलींची निवासी शाळा होती आणि त्या शाळेत कौशल्या भाषा सहायक होती. घरून निघताना आईनं तिच्या हातावर दही घातलं ते अशा चेहऱ्यानं, की पोरगी जणू आगबोटीतच बसून चालली आहे.

तेव्हा आंध्र प्रदेश होता आणि तालुके मोडून मंडलं नुकतीच पाडली होती. भाषा सहायक हे पद कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण निघालं ते बरं झालं. सरहद्दीवरच्या गावांतून मराठी पोरी त्या शाळेत आणून बसवलेल्या असायच्या. तेलुगू बाई फळ्यासमोर घसा कोरडा करायच्या आणि पोरी म्हणजे पालथे घडे. मग कौशल्या मध्ये बसायची. ती स्वतः तसल्याच एका गावची. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पुढं आसिफाबादला मामाकडं राहून दहावीपर्यंत तेलुगू, त्यामुळं दोन्ही भाषा तिच्या तोंडात समजूतदार जावांसारख्या नांदायच्या. वस्तीतले लोक तिला ‘रेंडु भाषल पंतुलम्मा’ म्हणायचे, म्हणजे दोन भाषांची मास्तरीण.

शिकवायची तिची एक रीत होती. वस्तूला हात लावल्याशिवाय शब्द सांगायचा नाही. पोरींना घेऊन ती अंगणात जायची, कडुनिंबाच्या खोडावर सगळ्यांचे तळवे टेकवायची आणि म्हणायची, ‘झाड. चेट्टु.’ मग विहिरीचा दोर, गाईची पाठ, चुलीतली गार राख. हेडमास्तरांना हा पोरखेळ वाटायचा. पण हात लावलेला शब्द पोरी विसरत नसत, आणि हेडमास्तरांनी शिकवलेले विसरत, त्याला कौशल्या तरी काय करणार?

ती मंगम्माच्या घरी एका खोलीत राहायची. मंगम्मा मूळची गोदावरीच्या खालच्या अंगाची. नवरा लाकडाच्या डेपोवर कामाला म्हणून आली, नवरा गेला, ती राहिली. बाई मोठी प्रेमळ, पण आवाज असा की नदीपलीकडच्या माणसानं ओ द्यावी. तिचं तेलुगूही इकडच्या लोकांपेक्षा वेगळं. गरम पाण्याला इकडं ‘उडुकु नीळ्लु’ म्हणतात. मंगम्माकडचा शब्द ‘वेडि नीळ्लु’, आणि तोही तिच्या तोंडात घसरून ‘येडि नील्लु’ व्हायचा. येडि म्हणजे गरम, नील्लु म्हणजे पाणी. थंडीच्या दिवसांत मागच्या अंगणात तीन दगडांवर हंडा चढायचा, आणि पाण्याला वाफ धरली की मंगम्मा साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायची, ‘येडि नील्लूऽऽ!’ त्या हाकेनंच कौशल्याचा दिवस उगवायचा.

दिवस जात होते. धुक्यात वस्ती बुडालेली असायची, झाडांचे नुसते शेंडे वर दिसायचे, आणि आपण कुठं आहोत हे डोळे उघडल्यावर क्षणभर तिला कळायचं नाही. एकदा तर स्वप्नात तिची आई तिच्याशी घडाघडा तेलुगू बोलली. आईला बिचारीला तेलुगूचा एक शब्द येत नाही! कौशल्या जागी झाली, हसली आणि मग तिला भडभडून आलं. हे स्वप्न सांगायचं तर एकाच माणसाला, असं तिच्या मनात आलं. ते माणूस म्हणजे नीलू.

नीलू तिची बालमैत्रीण. नाव नीलावती, घरं भिंतीला भिंत लागून. नीलूला एक खोड होती. रात्री पडलेलं स्वप्न ती सकाळी असं सांगायची, की बाजाराला जाऊन आली आहे. ‘काल नदी आमच्या अंगनात आल्ती. आईनं तिले बसाले पाट देल्ला.’ ‘स्वप्नात’ हा शब्दच तिच्याजवळ नव्हता. पोरी वेण्या घालता घालता ऐकायच्या आणि कौशल्याला तर त्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटायचं नाही. माहेरी हे सगळं चालून गेलं. लेकीचं काय, माहेरी सगळंच गोड.

सोळाव्या वर्षी तिला राजुऱ्याकडच्या एका गावात दिली. तिथल्या सासूला मात्र हे पचेना. सून सकाळी चुलीपाशी बसून सांगते, की मेलेला सासरा काल ओट्यावर येऊन बसला होता आणि कापसाचा भाव विचारत होता. कुठली सासू हे ऐकून घेईल? त्यातून नीलूच्या हातून दूध उतू जायचं. घागर भरून वाहत राहायची आणि ही आपली वाहत्या पाण्याकडं बघत उभी. मूल झालं नाही, तोही दोष तिचाच. पुस्तकात ज्याला वेडी म्हणतात त्याला आपल्या गावांत येडी म्हणतात. आधी सासू येडी म्हणाली, मग जाऊ म्हणाली, मग गल्लीतली शेंबडी पोरं म्हणायला लागली. शेवटी तिला माहेरी आणून सोडली.

हे सारं कौशल्याच्या कानावर तुटक तुटक आलं होतं. संक्रांत झाली आणि एका दुपारी बेज्जूरच्या बसमधून स्वतः नीलूच उतरली. तिच्या आधी उतरला तिचा मोठा भाऊ डोमाजी, आणि तो उतरला नाही, उडी मारून पडला. झालं असं, की वस्ती आली तशी क्लीनर ‘आगु! आगु!’ असं ओरडला. तेलुगूत आगु म्हणजे थांब. पण डोमाजीचा कापूस राजुऱ्याला, बी-बियाणं राजुऱ्याहून, सोयरीक राजुऱ्याकडं. मराठी आणि कामापुरतं हिंदी एवढ्यावर त्याचा संसार भागत होता. ‘एंत’ म्हणजे किती आणि ‘वद्दु’ म्हणजे नको, याच्या पुढं त्याचं तेलुगू गेलं नव्हतं. तो गाठोडं छातीशी धरून चालत्या बसमधून खाली, ‘आग? कोठी लागली आग?’

अख्खी बस हसली. डोमाजी सगळ्यांवर डोळे वटारत उभा राहिला. नीलू मात्र हसली नाही. कौशल्यानं तिला मिठी मारली तेव्हा हातात नुसती हाडं आल्यासारखं तिला वाटलं.

चहा झाल्यावर डोमाजीनं कौशल्याला अंगणाच्या कडेला बोलावलं. ‘कौसे, हिले ठेव तुह्यापाशी थोडे दिवस. होळीच्या आदी पंच बसनार हायेत.’

‘काऊन?’

‘तिच्या सासरचे दुसरी सून करून राह्यले. थे म्हन्तेत, पोरगी येडी हाय असं तिच्या भावानंच पंचायपुढं म्हनावं. म्हन्जे त्यायच्यावर बोल नाई.’

‘अन् तू काय म्हननार, डोमादादा?’

‘मले काय समजते, बाई? सारा गाव म्हन्ते. तिच्या सासूनं भर अंगनात म्हनलं तवा मी तेथीच उबा होतो. तोंडातून शब्द नाई निंगाला.’ एवढं बोलून तो परतीच्या बसकडं गेला. जाताना त्यानं बहिणीकडं बघितलंही नाही.

कौशल्या ओट्यावर नीलूशेजारी जाऊन बसली. गाव काय, आज म्हणेल, उद्या विसरेल. पण पंचांसमोर सख्ख्या भावानं म्हटलं की झालंच. मग नीलूनं शहाणपणाच्या शंभर गोष्टी केल्या तरी ती जन्मभर येडीच. आणि खरी भीती तर याहून वेगळी होती. नीलूच्या डोळ्यांकडं बघून तिला वाटलं, ही स्वतःच ते मानायला लागली आहे.

तेवढ्यात मंगम्मा पाहुणीला बघायला आली. नाव विचारलं, कौशल्यानं सांगितलं, ‘नीलू.’ मंगम्मानं डोळे मोठे केले आणि पदर तोंडाशी धरून अशी हसत सुटली, की कोंबड्या पळाल्या. ‘नी पेरु नील्ला?’ तुझं नाव पाणी? नीलूनं घाबरून कौशल्याकडं पाहिलं. दिवसभर दोन भाषांची ओझी वाहून कौशल्या दमलेली असायची. ती म्हणाली, ‘काई नाई वं, तुहं नाव आवडलं तिले.’ आणि तिनं तो विषय तिथंच सोडला. आळस, दुसरं काय!

संध्याकाळी दोघी नदीवर गेल्या. थंडीत प्राणहिता अंग चोरून वाहते, मधोमध वाळूची लांब पाठ उघडी पडते. पाण्यावर धूर की धुकं ते कळत नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी दिवा लावला, तो दोनदा विझला आणि मग ठरला. नीलू वाळूत बसून बघत होती, आणि किती वेळ बघत होती याचं भान दोघींनाही नव्हतं.

‘थे पलीकडं काय हाय?’ तिनं विचारलं.

‘महाराष्ट्र.’

‘म्हन्जे माह्या सासरचं सरकार.’ नीलू म्हणाली, ‘दुरून बरं दिसते.’

कौशल्या हसली. मग तिनं आईच्या तेलुगूचं स्वप्न सांगितलं, आणि नीलू आल्यापासून पहिल्यांदा खुलली. तीही सांगू लागली. आज बसमध्ये सागवानाची झाडं माझ्या बाजूला येऊन बसली होती आणि एकानं विचारलं, बाई, उतरायचं कुठं? मी म्हटलं, मलाच माहीत नाही. अंधार दाटून आला तरी दोघी बोलत राहिल्या. ही माझीच नीलू आहे, हिला काही झालेलं नाही, असं कौशल्याला छातीठोकपणे वाटलं आणि ती सुखानं झोपली.

सकाळी धुकं दारापर्यंत आलं होतं. मागच्या अंगणातून मंगम्मानं हाक दिली, ‘येडि नील्लूऽऽ!’

कौशल्याला त्यात रोजच्या गरम पाण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. इथल्या तीन वर्षांत तिचे कानच तेलुगू झाले होते. ‘जाय नीले, लवकर जाय,’ ती मिसरी लावता लावता म्हणाली. नीलू हातात लुगडं घेऊन खिळल्यासारखी उभी राहिली होती. अंगणात वाफेच्या पलीकडं कालचीच ती परकी बाई हसत होती, हात हलवून बोलावत होती आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. कौशल्याला वाटलं, पोरगी थंडीनं काकडली आहे.

संध्याकाळी शाळेतून येताना कौशल्यानं कुंपणावरूनच मंगम्माला विचारलं, ‘अम्मा, येडि नील्लु उन्नाया?’ गरम पाणी आहे का? मंगम्मा म्हणाली, ‘उन्नायि, उन्नायि!’ आणि दोघी कशावरून तरी हसल्या. खोलीत नीलू तांदूळ निवडत बसली होती.

त्या दिवसापासून नीलू मिटली. विचारावं तेवढंच बोले. सकाळी कौशल्या आशेनं विचारी, ‘काल कोठी गेल्ती?’ तर म्हणे, ‘कोठी नाई. झोपली होती.’ दूध उतू जाईना, कारण ती चुलीसमोरून हलेना. घागर भरली की लगेच उचले. जिथं बसवावं तिथं बसे. सासूला अशीच सून हवी होती, आणि कौशल्याला मात्र ते बघवत नव्हतं.

तिनं नाना तर्क केले. भात मानवत नसेल म्हणून वणवण करून ज्वारीचं पीठ आणलं, भाकरी केली. करमत नसेल म्हणून शाळेत नेलं. नजर लागली असेल म्हणून, स्वतःचा विश्वास नसताना, मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. दिवसभर पोरींना या भाषेतलं त्या भाषेत करून सांगणारी ही बाई, आणि तिच्याच घरात, तिच्याच मैत्रिणीला, रोज सकाळी एक शब्द भाजत होता, तो हिला ऐकू येत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एका रविवारी कौशल्या नदीवरून धुणं घेऊन आली, तर नीलू गाठोडं बांधून ओट्यावर बसलेली.

‘काय झालं वं?’

‘मी जातो. डोमादादाले त्रास नको. पंचायपुढं मीच सांगतो, हो, मी हाय येडी म्हनून.’

कौशल्याच्या हातातलं धुणं मातीत पडलं. ‘कोन म्हन्ते तुले येडी?’

नीलूनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. ‘तूच म्हन्ते, कौसे. सासू म्हनली, मले नाई लागलं. तू त्या बाईले माही सारी गोठ सांगतली. थे रोज सकाऊन हाका मारते, येडी नीलू, येडी नीलू. तू बी मारते, अन् दोगी हासता. मले वाटलं होतं, येथी तरी मले कोनी थे म्हननार नाई.’

कौशल्यानं तो शब्द स्वतःशीच, हळू, मराठी तोंडानं म्हणून पाहिला. येडी नीलू. पुन्हा तेलुगू तोंडानं म्हणून पाहिला. येडि नील्लु. आणि तिला आपल्याच कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटली. पेशवाईत ‘ध’चा ‘मा’ कुणी मुद्दाम केला असं म्हणतात. इथं तर कुणी काही केलंच नव्हतं, एका मुलखातलं पाणी तेवढं दुसऱ्या मुलखातल्या बाईच्या नावाला जाऊन भिडलं होतं.

तिनं नीलूचं मनगट धरलं आणि ओढत मागच्या अंगणात नेलं. हंड्याखाली नुकता जाळ घातला होता, पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम होतं आणि त्यावर हलकी वाफ धरत होती. कौशल्यानं नीलूचा तळवा हंड्याच्या पोटाला क्षणभर टेकवला.

‘हे येडि,’ ती म्हणाली. मग तिनं तोच हात धरून पाण्यात बुडवला. ‘हे नील्लु. येडि नील्लु. गरम पानी, नीले! मंगम्मा गरम पान्याले हाक मारते. तुह्या नावाचं यायच्या भाषेत पानी होते, म्हनून थे पयल्या दिवशी हासली. मी तुले सांगतलंच नाई. माहीच चूक हाय.’ आणि एवढं बोलून कौशल्या ढसाढसा रडायला लागली.

नीलू हात पाण्यात तसाच ठेवून उभी राहिली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. ‘येडि,’ ती म्हणाली. ‘नील्लु.’ शाळेतल्या पोरींसारखंच. मग तिनं विचारलं, ‘अन् येडीले काय म्हन्तेत यायच्यात?’

‘पिच्चि.’

‘ह्या बाईनं मले कदी पिच्चि म्हनलं का?’

‘नाई. कदीच नाई.’

‘अन् तू?’

‘मी तर कोनत्याच भाषेत नाई म्हनलं वं!’

मग नीलूला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता ती चुलीपाशी खाली बसली, कौशल्याही बसली, दोघींची तोंडं राखेनं माखली. मंगम्मा धावत आली. तिला उलगडून सांगितलं तर तिनं ‘अय्यो, अय्यो’ करत आपल्याच दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि शपथ घेतली, की यापुढं मी इकडच्यासारखं ‘उडुकु’च म्हणेन. नीलूनं तिला दोन्ही हातांनी थांबवलं. ‘नको. म्हनू दे तिले तसंच. आता मले बरं वाटते आयकाले.’

तेव्हापासून मंगम्मा सकाळी ओरडायची, ‘येडि नील्लूऽऽ!’ आणि धुक्यातून नीलूचा आवाज यायचा, ‘आली वं, आली!’

आणि नीलूची स्वप्नं परत आली. बांध फुटल्यासारखी आली म्हणा ना. नदी रात्री वस्तीत फिरून जायची, शाळेची घंटा अंडं घालायची, मंगम्माचा मेलेला नवरा सागवानावर बसून विडी ओढायचा आणि बायकोची विचारपूस करायचा. कौशल्या ते मंगम्माला तेलुगूत सांगायची. मंगम्मा घाबरायची नाही. ती डोळे पुसायची आणि म्हणायची, आज काय म्हणाले ते?

शाळेत तर मौजच झाली. तेलुगू बाईंनी एक दिवस ‘कल’ हा शब्द शिकवायला काढला. कल म्हणजे स्वप्न. आता हात लावायला स्वप्न कुठून आणायचं? कौशल्यानं नीलूलाच वर्गात बोलावलं. नीलू डोळे अर्धे मिटून सांगत होती आणि पोरी तिच्या पाठीला, दंडाला, वेणीला हात लावून बसल्या होत्या. एरवी तोंडातून अक्षर न काढणाऱ्या पोरी मग एकेक करून आपापली स्वप्नं सांगू लागल्या, निम्मी मराठीत, निम्मी तेलुगूत. दुपार कशी सरली ते कुणाला कळलं नाही. उन्हात भिंतीवर झाडांच्या सावल्या हलत होत्या आणि कौशल्याला वाटत होतं, हे संपूच नये.

पण पळस लाल झाला, होळी जवळ आली, आणि एका सकाळी पहिल्याच बसनं डोमाजी दारात उभा राहिला. रात्र कागजनगरच्या स्टँडवर बसून काढलेली दिसत होती. ओट्यावर बसला तो जमिनीकडं बघत.

‘काय ठरवलं, डोमादादा?’ कौशल्यानं विचारलं.

‘काय ठरोतो? परवा पंच हायेत. पंचायमधले यशवंतराव पाटील म्हनते, म्हनून टाक अन् मोकळा हो. मी म्हनलं, पाहू.’ त्यानं बोटानं ओट्यावर एक रेघ ओढली आणि पुसली. ‘कौसे, तू इतके दिस पाह्यलं तिले. तूच सांग. हाय का?’

कौशल्या उत्तर देणार, तेवढ्यात मागच्या अंगणात पाण्याला वाफ धरली. पाहुणा लांबून आला आहे, न्हाईल बिचारा, म्हणून मंगम्मानं रोजच्यापेक्षाही मोठ्यानं हाक दिली, ‘येडि नील्लूऽऽ! येडि नील्लूऽऽ!’

आणि आतून नीलू म्हणाली, ‘आली वं, आली!’

डोमाजी ताडकन उठला. बहीण पदर खोचून हसत बाहेर येते आहे, त्या नावाला ओ देते आहे, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

‘कोन हाय थे?’ तो ओरडला. ‘कोन म्हन्ते माह्या बहिनीले येडी? जीभ हासडून हातात देईन! तुमच्या घरची हाय का थे? माही बहीन हाय! तुमी सारे येडे असान, थे नाई! अन् तू काऊन ओ देतं वं त्यायले? कोनी बी म्हनलं की आयकून घेतं?’

कुंपणापाशी माणसं जमली. सात-आठ तेलुगू तोंडं, एकालाही एक शब्द कळला नव्हता, पण भाऊ बहिणीसाठी भांडतो आहे हे कळायला भाषा कशाला लागते? डोमाजी त्या प्रत्येकाकडं बोट करून सांगत होता, ‘माही बहीन येडी नाई! आयकलं का? नाई!’ सासूच्या अंगणात जे अडलं होतं, ते सगळं इथं, परक्या अंगणात, भलत्या माणसांपुढं बाहेर पडत होतं. त्याचा आवाज फुटला. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू झाला.

मंगम्मा चिमटा हातात घेऊन धावत आली. ‘एमैंदि, पंतुलम्मा? एमैंदि?’ काय झालं?

कौशल्यानं तोंड उघडलं. इकडचं तिकडं करून सांगणं हाच तिचा धंदा, त्याच कामासाठी सरकार तिला पोसत होतं. ‘डोमादादा, थे तर…’ एवढंच ती बोलली असेल, तोच नीलूचा ओला, गरम हात तिच्या मनगटावर पडला. नीलू तिच्याकडं बघत नव्हती. ती भावाकडं बघत होती, टक लावून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनगटावरची पकड मात्र घट्ट होती.

कौशल्यानं वाक्य गिळलं.

‘काही नाही अम्मा,’ ती मंगम्माला तेलुगूत म्हणाली. ‘ते म्हणतात, आम्ही थंड पाण्यानंच न्हातो.’

डोमाजी खरोखरच थंड पाण्यानं न्हाला, कारण त्या बाईच्या हातचं काही नको म्हणाला. न्हाताना पुटपुटत होता, जेवताना पुटपुटत होता, आणि बसपर्यंत नीलूचं गाठोडं त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, तिला हात लावू दिला नाही. खिडकीपाशी तिला बसवून तो दारात उभा राहिला आणि कौशल्याला म्हणाला, ‘ह्या परक्या मुलखातल्या लोकायले तोंडावर सांगतलं मी. मंग आपल्याच पंचायले काऊन भ्यावं? तेथी बी हेच सांगतो. तू गावाकडं आली का माह्या आईले सांगजो, डोमाजीनं भर लोकात सांगतलं म्हनून.’

‘सांगतो, डोमादादा,’ कौशल्या म्हणाली.

बस सुटली. खरा अर्थ तिच्या अगदी ओठांवर येऊन थांबला होता. धूळ खाली बसेपर्यंत तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले, आणि मग ती शाळेच्या वाटेला लागली.